ब्रूनोला किती फिरवायचं

पाथर्डीच्या स्टँडवर आबांनी माझी बॅग एसटीत चढवली, मग खिडकीपाशी आले. म्हणाले, "आमी जायचो ते माघारी यायला. तू ऱ्हायला जा." दिवाळी सरली की ऊसतोडीला निघायचं आणि उन्हाळ्यात परतायचं, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. माझं लहानपणही तसंच. निम्मं गावात, निम्मं कारखान्याजवळ, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. लेकीनं तरी एका जागी बसून खावं, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पुण्यात राहिले मी. पण एका जागी नाही. लोक परगावी गेले की त्यांची कुत्री सांभाळायला मी त्यांच्या घरी जाऊन राहते. पेट सिटिंग म्हणतात याला. कधी बाणेर, कधी कोथरूड. हडपसरला माझी खोली आहे, पण तिथं माझे कपडे राहतात, मी फारशी नाही. आईला हे काम अजून पटत नाही. कुत्र्याला फिरवायला माणूस कशाला, दार उघडं ठेवलं की येईल की फिरून, असं ती म्हणते.

पण किती फिरवायचं, हाच या कामातला खरा प्रश्न. गेल्या हिवाळ्यात कोथरूडच्या एका काका-काकूंकडं होते. ब्रूनो त्यांचा म्हातारा लॅब्राडोर. ते दोघं लेकीकडं बंगळूरला निघाले. काकूंनी बजावलं, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, जास्त नको. ते गेले आणि ब्रूनो दाराकडं तोंड करून बसला. खाईना. पट्टा हातात घेतला की मात्र उठायचा, सोसायटीच्या बाहेर पडलो की ओढत न्यायचा आणि माघारी वळायला तयार नसायचा. मलाही परक्या घरात बसवत नव्हतं. सोफ्यावर टेकलं की आता कुणीतरी उठ म्हणेल असं वाटायचं. मग आम्ही दोघं चालत सुटायचो. बाजारातून, टेकडीच्या पायथ्यापर्यंत, कुठंही. त्याला चालायला हवंय, असं मी धरून चालले होते.

एका सकाळी तो रस्त्यातच बसला. मागचा पाय टेकवेना. उचलावा तर मला झेपेना, आणि रिक्षावाले कुत्रं घ्यायला तयार होईनात. शेवटी एकानं घेतलं. डॉक्टर म्हणाले, सांधे सुजलेत, आता विश्रांती. काकूंना फोन लावताना काम गेलंच असं मी समजले होते. त्या आधी रागावल्या. मग तो कुठं बसतो, काय खातो ते विचारून घेतलं.

"अगं, तो फिरत नव्हता," त्या म्हणाल्या. "आम्हाला शोधत होता. नेशील तिथवर येईल तो. आता नुसती बस त्याच्याजवळ."

बसले. दाराशी, फरशीवर, त्याच्या पाठीला पाठ लावून. मला ते ऊसतोडीपेक्षा जड गेलं. बसल्या जागी माझे पाय हलत राहायचे. हळूहळू तो माझ्या हातून दहीभात खायला लागला. काका-काकू परतले तेव्हा लंगडतच त्यांच्याकडं धावला, माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. बरं वाटलं, आणि कसंसंही झालं.

निघाल्यावर रस्त्यातूनच आबांना फोन करून हे सगळं सांगितलं.

"कुनाला हुडकायचं ते ठावं हाय त्याला," ते म्हणाले. "बरं हाय त्याचं."

तुझं काय, असं त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, रविवारी येते.

"ये. पन माघारी जायचं तिकीट आदीच काढून येऊ नको."

दरवेळी मी तेच करते. गावी पोचले की दुसऱ्या दिवशी पाय शिवशिवतात, म्हणून. घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मला धड गावाचं नाव सांगता येत नाही, पुण्याचंही नाही. दोन म्हातारी माणसं वाट बघत असतात, तेवढंच माझं घर.

चालता चालता मोबाईलवर गावचं तिकीट काढलं. परतीचं नाही काढलं. तरी बसथांब्यापर्यंत हात सारखा मोबाईलकडं जात होता.