नऊ फ्रेम आणि डावीकडचा पळस

रविवार, डिसेंबरचा दुसरा आठवडा, सकाळी पावणेआठ. पाटन रस्ता, शहराबाहेरचं मटारचं शेत. हजर: भाऊजी, ताई, मी. गैरहजर: आमचे हे. रविवारी दहाच्या आत घराबाहेर पडायचं नाही, असं त्यांचं व्रत आहे.

माझ्या फोटोंच्या वहीत प्रत्येक फेरीची सुरुवात अशीच होते. खाली फ्रेम किती, वारा कसा, आणि शेवटी एक रकाना: कडा किती कापल्या. जे झालं ते त्या शेवटच्या रकान्यामुळे झालं, म्हणून तो आधी समजावून सांगते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डिफेन्स फॅक्टरीत जन्मभर गेज, म्हणजे वस्तू मापात आहे का ते बघायची साधनं, तपासले आणि निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला. त्यांना नाकासमोरच्या शेंगेपासून लांबच्या टेकडीपर्यंत सगळं लख्ख हवं असतं. एका फोटोत ते जमत नाही. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून ते एकाच दृश्याचे नऊ फोटो काढतात. पहिल्यात शेंग स्पष्ट, दुसऱ्यात तिच्यामागचा वेल, असं करत करत नवव्यात टेकडी. दर वेळी लेन्सची रिंग हातानं जराशी फिरवायची. घरी आल्यावर ते नऊ फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एक चित्र करायचं, हे काम माझं. भाऊजींना माउसचा कंटाळा आणि मला उन्हाची वाट पाहत बसण्याचा, तेव्हा वाटणी सोयीची झाली.

बसवताना कडा जातात. फोकस बदलला की चित्र किंचित लहानमोठं होतं. कागदांची चळत कितीही ठोकून सारखी केली तरी चार कागद बाहेर डोकावतात, तसं. ती पट्टी कापून टाकायची. पहिल्या वर्षी पट्टी दोऱ्याएवढी असायची. या पावसाळ्यानंतर ती बोटभर झाली आणि फ्रेम तिरप्याही येऊ लागल्या. मला आधी ट्रायपॉडचा संशय आला. दिवाळीत नवा घेतला, तरी रकाना वाढतच राहिला. मग कारण एकच उरलं. रिंग फिरवणारा हात थरथरत होता.

हे मी कोणाला सांगितलं नाही. भाऊजी एकदा बोलून गेले होते की फ्रेम जुळेनाशा झाल्या की कॅमेरा विकून टाकायचा. फॅक्टरीत मापात न बसणारी वस्तू बाजूला काढत, तोच नियम. फॅक्टरी सुटल्यावर पहिलं वर्षभर ते नुसते व्हरांड्यात बसून असायचे. पेपर वाचून संपला की परत पहिल्या पानापासून वाचायचे. ते दिवस आम्ही दोघी बहिणींनी पाहिले होते. कॅमेरा गेला असता तर पुन्हा तेच. म्हणून मी गुपचूप जुळवायची, कापायची आणि त्यांना फक्त तयार फोटो पाठवायची.

त्या रविवारी ताई गाडीतच बसली. शेतवाल्याकडून पाच किलो मटार घेतला होता आणि घरून आणलेल्या परातीत ती तो सोलत होती. आमच्याकडे शेंगेचे नऊ फोटो निघतात, बायकोचा एक नाही, असं तिनं शेतवाल्या भैयाला हिंदीत सांगून टाकलं. तो बिचारा भाऊजींकडे बघून हसावं की नाही, या विचारात पडला.

बांधावर ट्रायपॉड लावून झाल्यावर भाऊजींनी पिशवीतून एक प्रिंट काढली. आम्ही महिन्यापूर्वी इथेच आलो होतो, तेव्हाचा फोटो. शहरातल्या ओमती भागातल्या दुकानातून त्यांनी तो मोठा करून आणला होता.

"मेहुणीबाई, डावीकडचा पळस कुठे गेला?"

मी म्हटलं, कडेला होता, कापला गेला.

"कडेला नव्हता. कडेपासून चांगला आत होता. मी बघूनच घेतला होता."

मग लपवण्यात अर्थ नव्हता. वही पर्समध्येच होती. रकाना उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मला वाटलं, आता कॅमेरा पिशवीत जातो. पण ते म्हणाले की नोंद चोख आहे, फक्त बोटभर हे काही माप नाही, मिलिमीटरमध्ये लिहायला हवं होतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून गाडीची किल्ली तुला काहून देऊन राहिलो मग? डोळ्यांवर ऊन येते म्हणून? सकाळी पाटनकडे येताना ऊन पाठीवर असते, बाई."

मला हे एकदाही सुचलं नव्हतं. गाडी मीच चालवत होते.

रिंग मी फिरवू का, असं विचारून पाहिलं. मग मी काय मटार सोलू, असं म्हणाले. मग त्यांनी लेन्स मागे घेऊन दृश्य चांगलं रुंद केलं. पळस कडेपासून बराच आत आला. गेजलासुद्धा थोडी सूट ठेवलेली असते, त्यांनी सांगितलं. कापायला जागा सोडली की झालं. कॅमेरा राहणार होता. मी माझी अट घातली: गुरुवारी डॉक्टर. त्यांनी त्यांची घातली: ताईला ते स्वतः सांगतील, मी मध्ये पडायचं नाही.

नऊ फ्रेम झाल्या. चौथ्या वेळी हात फार हलला, तेव्हा त्यांनी तो खिशात घातला, जरा थांबले आणि पुन्हा रिंगवर ठेवला. मी दुसरीकडे पाहिलं नाही.

दुपारी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. या वेळी भाऊजी शेजारी बसले. फ्रेम एकमेकींवर सरकत जागेवर बसताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. कडा भरपूर गेल्या, पळस पूर्ण राहिला. एकत्र करताना मात्र वाऱ्यानं हललेला वेलाचा एक तंतू दोनदा उमटला, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेममध्ये तो वेगवेगळ्या जागी होता. तिसऱ्यातला मी पुसला. पळसाभोवती आभाळात एक फिकट रेघ राहिली होती. ती त्यांनीच दाखवली आणि जाईपर्यंत मला उठू दिलं नाही. ताईनं येऊन बघितलं, छान आहे म्हणाली, आणि मटारभात वाढायला घेतला.

आज मंगळवार, संध्याकाळ. यादीत तीन कामं होती. फोटो पूर्ण करणं: झालं. डॉक्टरांची वेळ: मिळाली, गुरुवारी अकरा. तिसरं काम भाऊजींच्या नावावर आहे. त्या दुपारी जेवताना त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि दोन्ही वेळा ताईकडे भात मागितला. मघाशी फोन केला, तर ताईनंच उचलला आणि उरलेल्या मटाराचं काय करू, असं विचारत राहिली. म्हणजे अजून सांगितलेलं नाही.