एक जूनची रिबेका

दरवर्षी एक जूनला माझा मोबाइल सकाळपासून वाजत असतो. आश्रमशाळेतल्या माझ्या जुन्या पोरापोरींचा एक ग्रुप आहे आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. त्यांच्या आयांनी काही ठरवून एकाच दिवशी बाळंतपणं केली नव्हती. तारीख मी लिहिली. नवापूरच्या डोंगरपट्ट्यातली माणसं पोर घेऊन यायची, जन्म कधीचा विचारलं की भातकापणीचा नाहीतर होळीच्या आधीचा म्हणायची, आणि मी पोराचे दात बघून साल ठरवायचो, बाजारात बैलाचे बघतात तसे. दिवस मात्र पक्का. शाळा उघडायच्या आत सहा वर्षं पूर्ण झालेली असली पाहिजेत, एवढंच सरकारला हवं होतं.

रिबेका त्यातलीच एक. तिच्याबद्दल आज लिहितोय ते कौतुक म्हणून नव्हे. कौतुकाचा हक्क मी माझ्या हातानं घालवला.

२००१ च्या जूनमध्ये तिचा बाप सॅम्युअल तिला घेऊन आला. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला गुजरातेत जायचे. तिथे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांचा तळ पडतो, त्याला पडाव म्हणतात. रिबेका तिथेच जन्मलेली. सॅम्युअलनं सरळ सांगितलं, पोर नोव्हेंबर शहाण्णवची, मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, वहीत पास्टरांनी लिहून ठेवलंय. म्हणजे साडेचार वर्षांची. मी म्हटलं, मग दीड वर्षानं आण. तो तिचा हात धरून उभाच राहिला. पडावावर तिला सांभाळायला कोणी नव्हतं. मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, १ जून १९९५. पुढे ही गोष्ट मी दयेचं काम म्हणून जिथे तिथे सांगत आलो. खरं सांगायचं तर त्या वर्षी पहिलीचा पट तीन पोरांनी कमी भरत होता.

ते दीड वर्ष तिनं अंगावर काढलं. पहिलीत ती दुपारी पाटीवर डोकं ठेवून झोपायची आणि मी तिच्या हातावर छडी मारायचो. खेळांच्या स्पर्धेत कागदावरच्या वयामुळे मोठ्या मुलींच्या गटात पळायची आणि शेवटी यायची. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, घोडी झाली तरी पळता येत नाही. घोडी तिला मीच केली होती, पण हे तेव्हा कुठलं सुचायला.

हात मात्र तिचे बापाचे होते; ऊसतोड नसली की तो बांबूच्या टोपल्या विणायचा. बांबूची कामटी तिच्या बोटांत आली की मऊ व्हायची. बारावीनंतर शिष्यवृत्तीवर पुण्याला डिझाइनचा डिप्लोमा केला आणि परत येऊन बापाच्या अंगणात काम मांडलं. पुण्याला जाऊन शेवटी बांबूच सोलायचा होता तर गेली कशाला, असं मी चारचौघांत बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तिनं एक पाळणा केला. तो बैलगाडीत टांगता येतो आणि शेताच्या बांधावर उतरवला की त्याचेच पाय उघडून हातभर उंच उभा राहतो. उसाच्या पाचटात बाळाला विंचूकाट्याची भीती नाही. तीन हंगाम ती पडावावर जाऊन बायकांना तो वापरायला देत होती. कोयत्यानं त्यांच्या हातांना घट्टे पडलेले असतात, बारीक गाठ सुटत नाही. तर तिनं गाठच काढून टाकली आणि लाकडी खुंटी बसवली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. पाळण्याचं नाव तिनं ‘पडाव’ ठेवलं होतं.

पुण्यात दरसाल नव्या दमाच्या डिझायनरांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे मांडणी झाली की कारखानदार बघतात, काम पुढे जातं. गेल्या वर्षी शेकडो अर्जांतून तीस जण निवडले, त्यात रिबेका होती. मग कागद मागवले. अट अशी, की ३१ ऑगस्टला तीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. अर्जात तिनं खरा जन्म लिहिला होता, आधारवर शाळेतली तारीख. तिची अठ्ठाविशी चालू होती आणि कागदानं ती तीन महिन्यांनी म्हातारी ठरली. वर खोटं लिहिल्याचा ठपका तिच्यावरच आला. अखेर तिथल्या बाई म्हणाल्या, तारीख अंदाजे घातली होती असं ज्यांनी नोंद केली त्यांच्याकडून लिहून आणा, मंडळीच्या नोंदीसोबत आम्ही ते धरू.

म्हणून ती आमच्याकडे ब्राह्मणपुरीला आली. ओट्यावर बसली, पास्टरांच्या वहीची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली.

“गुरुजी, तारीख अंदाजानं लिहिली होती, एवढंच लिहून द्या.”

मी चष्मा शोधायला आत गेलो. चष्मा खिशातच होता. माझी बायको कौसा हळूच म्हणाली, “लिखी द्या ना तिले. तुमनं काय जाई ऱ्हायनं?”

काय जात होतं ते तिला ठाऊक नव्हतं. माझी स्वतःचीही तारीख एक जून आहे. माझे काका हेडमास्तर होते. त्यांनी माझं वय दोन वर्षांनी कमी लावलं, पुढे नोकरी जास्त मिळावी म्हणून. मिळाली. दोन वर्षं मी जास्तीची खुर्ची अडवून बसलो आणि आता त्याच हिशेबानं पेन्शन खातोय. तारखा अंदाजानं लिहायचो असं सहीनिशी दिलं आणि उद्या कोणी विचारलं, गुरुजी, तुमची कोणी लिहिली? कोणी विचारणार नव्हतं. पण खाई त्याला खवखवे.

मी बसून झोकदार अक्षरात दाखला लिहिला. सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख शालेय नोंदीनुसार १ जून १९९५ असून ती अत्यंत होतकरू व सुस्वभावी आहे. खाली सही ठोकली.

तिनं तो दोनदा वाचला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

“अक्षर अजून छान आहे तुमचं, गुरुजी.”

तिनं चहा संपवला, कप मोरीत नेऊन स्वतः विसळला. आमच्या घरात आम्ही तसलं काही पाळत नाही, असं मी नेहमी सांगतो. पण तिला थांबवलं नाही.

तिची निवड रद्द झाली. प्रदर्शनवाल्यांना मात्र पाळणा आवडला होता. त्यांनी कळवलं, डिझायनर म्हणून नाही जमणार, पण बांबूकाम करून दाखवायला या. कारागिरांना वयाची अट नसते. पाळणा निदान लोकांच्या डोळ्यांपुढे तरी येईल म्हणून ती गेली.

डिसेंबरात मी पुण्याला नवनीतकडे, म्हणजे मुलाकडे होतो. न राहवून प्रदर्शनाला गेलो. आत दिव्यांच्या झोतात तरुण पोरांच्या वस्तू, प्रत्येकीखाली नाव. रिबेका दाराजवळ सतरंजीवर बसून कामट्या सोलत होती. शेजारच्या पाटीवर ‘पारंपरिक कारागीर, नंदुरबार’ एवढंच लिहिलेलं. नाव नव्हतं.

तिनं मला पाहिलं आणि मान हलवली. तेवढ्यात गळ्यात डिझायनरचं ओळखपत्र घातलेली एक मुलगी तिच्यापुढे उकिडवी बसली. दिसायला रिबेकाच्याच वयाची. पाळणा उघडून मिटून बघत तिनं विचारलं, मावशी, हे तुमच्याकडे पूर्वीपासून करतात का? रिबेका म्हणाली, नाही, मी केलाय. मुलीला ते नीट ऐकू गेलं नसावं. मग तिनं विचारलं, “मावशी, वय काय तुमचं?”

रिबेकानं हातातली खुंटी खाली ठेवली.

“ते गुरुजी उभे आहेत ना, त्यांना विचारा. माझं वय त्यांनीच ठरवलंय.”

मुलगी हसत माझ्याकडे वळली. रिबेकाही बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता; ती खरंच थांबली होती, मी काय म्हणतो ते ऐकायला. तिथे माझी पेन्शन नव्हती, रजिस्टर नव्हतं, सही मागणारं कोणी नव्हतं.

“तीस,” मी म्हणालो. “तीस पूर्ण.”

रिबेकानं खुंटी उचलली आणि पाळण्याच्या भोकात ठोकून बसवली.