ओळंब्याच्या भिंतीचा पाया

आमच्या बाबांना सगळी गल्ली ओळंबा म्हणायची. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला जे वजन लटकवतात, तो ओळंबा. बाबांचा स्वभावही तसाच. दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग बसणार. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली आणि पायाच्या कामात हात आखडता घेणाऱ्या किती ठेकेदारांशी भांडणं केली, त्याला गणतीच नाही.

आमच्या घरामागे चार फूट रुंद आणि बारा पावलं लांब अशी मातीची पट्टी आहे. तिलाच आई बाग म्हणते. एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला बाबांनीच बांधलेली पुरुषभर उंचीची भिंत. थंडी सरली की आईला बागेचं वेड लागतं. यंदा तिचं म्हणणं पडलं की माती मेली आहे, ती दोन वीत उकरून काढा, खत मिसळून परत भरा, मग मी टोमॅटो आणि झेंडू लावते.

घरी बसून कंटाळलेल्या गवंड्याला आणखी काय हवं? एका दुपारात त्यांनी भिंतीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खणला. इथेच चुकलं. भिंतीलगत खणायचं तर तुकड्या-तुकड्याने, मध्ये माती राखून. हे न पाळणाऱ्या मजुरांना त्यांनी आयुष्यभर फैलावर घेतलं होतं. पण यावेळी फुलांसाठी खणत होते, त्यामुळे गवंड्याचं डोकं बहुधा घरातच राहिलं. शिवाय आपल्या भिंतीला तीन फूट पाया आहे, याबद्दल त्यांची खात्री होती.

मी चहा घेऊन गेले तर ते चराच्या काठावर बसलेले. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"बाबा, काय झालं?"

"पाया संपला," ते म्हणाले आणि फावड्याच्या टोकाने त्यांनी दाखवलं. सगळ्यात खालची वीट जमिनीखाली जेमतेम एक वीत होती. तिच्या पुढची, तिला धरून ठेवणारी माती त्यांनी स्वतःच काढून टाकली होती. तीस वर्षांपूर्वी उरल्यासुरल्या विटांची ही भिंत त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी उरकली होती. आईने विचारलं तेव्हा तीन फूट पाया घेतला म्हणून सांगून टाकलं. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही तेच. सांगून सांगून ते त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं होतं. आणि पलीकडून शेजाऱ्याने भिंतीला टेकवून मातीचा हा एवढा ढीग रचलेला.

"आईला सांगू नकोस. उद्या सकाळी लाकडी बल्ल्या आणतो, टेकू देतो, विषय संपला."

आम्ही दोघांनी चर भरला, पण भुसभुशीत माती काय आधार देणार? भिंतीत खालून वर एक बारीक चीर गेली होती. बाबांनी पिठाची खळ करून चिरेवर आडवी वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली. ही गवंड्यांची जुनी रीत. पट्टी शाबूत तर भिंत जागच्या जागी, फाटली तर समजायचं की ती हलते आहे. आईला सांगितलं, ओल बघतोय. तिचा विश्वास बसला. मला मात्र त्या पट्टीशिवाय दुसरं काही सुचेना. संध्याकाळपर्यंत माझ्या इतक्या खेपा झाल्या की आईने मलाही बागेचं वेड लागलं असं ठरवून टाकलं.

सकाळी बाबा बल्ल्या आणायला निघाले. "तिला मागे जाऊ देऊ नकोस," एवढंच म्हणाले. केस धुवून आंघोळ करण्यात माझा अर्धा तास गेला. बाहेर आले तर मागचं दार सताड उघडं आणि खिडकीत आईचं कानातलं मशीन. आईला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मातीने बिघडेल म्हणून बागेत जाताना ती ते काढून ठेवते.

आई बागेच्या मधोमध, भिंतीकडे पाठ करून उकिडवी बसली होती. आधी नळी लावून तिने सगळी माती चिखल होईस्तोवर भिजवली होती. तिच्या डोक्याच्या वर, चिरेवरची कागदाची पट्टी फाटली होती. दोन तुकड्यांमध्ये माझं बोट गेलं असतं.

मी धावायच्या बेतात होते. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला बाबा खांद्यावर बल्ली घेऊन आले. त्यांनी फाटलेली पट्टी पाहिली आणि मला हातानेच थांबवलं. "धावू नकोस," ते हळूच म्हणाले. त्यांनी आईला हातवारे केले, पण ओळ लावून संपेपर्यंत ती कधी मान वर करत नाही. जवळ जाऊन दंडाला धरावं, तर कशाला, काय झालं, हे ती तिथेच बसून विचारणार.

बाबांनी बल्ली अलगद खाली ठेवली. त्यांच्या पायाशी तिने नुकतीच लावलेली टोमॅटोची रोपं होती. त्यांनी पहिलं उपटलं आणि तिच्यासमोर फेकलं. मग दुसरं. आईने वर पाहिलं. तिच्या नजरेला नजर देऊन त्यांनी तिसऱ्यावर पाय ठेवला.

आई उठली. गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं? दीड महिना जपलीत मी ती," म्हणत ती खुरपं घेऊन त्यांच्या अंगावर गेली. बाबा चौथं रोप उपटून खिशात कोंबत मागे मागे सरकत होते. ती घराच्या कोपऱ्यावरून वळली आणि मागे भिंत आडवी झाली. आवाज फारसा नाही झाला, नुसताच धप्प. आईला तोही ऐकू आला नाही. पायाखाली हादरा बसला म्हणून तिने वळून पाहिलं. ती बसली होती तिथे विटा होत्या आणि विटांवर शेजाऱ्याची माती.

आत जाऊन तिने हात धुतले, कानात मशीन घातलं आणि बाहेर आली.

"पाया किती होता?"

"एक वीत."

"तीन फूट म्हणाला होतात."

"हो."

तिने घराकडे पाहिलं. तेही त्यांनीच बांधलेलं. "आणि याचा?"

भिंत पडताना घाबरले नव्हते एवढे बाबा आता घाबरले होते. "तीन फूट. मला तरी तसंच आठवतंय," ते म्हणाले. "पण त्या भिंतीचंही तसंच आठवत होतं गं."

मग घराच्या कोपऱ्याशी, बादली मावेल एवढीच जागा आखून ते खणायला बसले. आई आणि मी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिलो. ज्या घरात मी जन्मले त्याच्यापासून वीस पावलं दूर उभं राहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. तासाभराने बाबा थांबले. खाली वाकून बघायची त्यांची हिंमत होईना.

आईच पुढे गेली. जमिनीवर आडवी झाली, भिंतीला गाल टेकवला आणि खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घातला. बाबांनी तोंड फिरवलं.

"खालपर्यंत विटाच आहेत," ती म्हणाली. "माझा हात संपला."

बाबा तिथेच मातीत बसले आणि रडले. आईने त्यांच्या खिशातून चौथं रोप काढून घेतलं, त्याची मुळं झटकली. मग खड्डा बुजवायच्या आधी तिने पुन्हा एकदा हात घालून पाहिला.