कारिनच्या गाण्यातला खालचा आवाज

देवरुखच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या हातात मेतकुटाची पुडी दिली आणि पेटी मात्र काढून घेतली. "विमानतळावर अडवतील गो, राहू दे हिकडेच." बायकांच्या भजनात मी पेटी वाजवायचे. शिकवलं कुणी नव्हतं, बघून बघून बोटं बसली. लेकीचं लग्न झालं तसा ह्यांनी सौदीतल्या जेद्द्याहून व्हिसा पाठवला आणि पन्नाशीला टेकलेली मी पहिल्यांदा विमानात चढले.

हे परदेशी लोकांच्या एका बंदिस्त वसाहतीत, कंपाउंडमध्ये, मेंटेनन्सला होते, आमची खोली तिथेच मागच्या अंगाला. तुम्ही गावात म्हणत होतात ना, सुमन काय बाई, एसीत बसलीय! बसले होते खरी. पण दिवसभर बोलायला तो एसीच. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, हातात आला, तरी एकटीने जायचं कुठे? माझ्यासारख्या ज्या गेल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एकदा हे एका व्हिलातून काम करून आले नि म्हणाले, "स्वीडनच्या एक बाई आहेत तिथे. पियानो वाजवतात, लिहितात, खोडतात, परत वाजवतात. जाऊन बघ, तुझ्याच जातकुळीतल्या वाटतात."

ती कारिन. ती संगीत रचायची. म्हणजे गायचं दुसऱ्यांनी, पण कुणी केव्हा काय गायचं ते सगळं हिने कागदावर मांडायचं. तिचे वडील उत्तरेकडच्या एका गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून ती शिकली. पुढे मोठमोठ्या वाद्यवृंदांनी तिचं संगीत वाजवलं. मग नवऱ्याला जेद्द्यात इस्पितळात नोकरी लागली, ती आली, आणि सुचणंच थांबलं. कित्येक वर्षं एक ओळ नाही. अखेर सुचलं ते नुसत्या बायकांच्या गळ्यांसाठी, वाद्याशिवाय. तोवर नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. जाण्याआधी तिला ते एकदा कानांनी ऐकायचं होतं. तिकडे गेल्यावर कोण विचारतंय, इतकी वर्षं गप्प राहिलेल्या बाईला?

गायला दोन फिलिपिनो नर्सेस होत्या आणि अन्नम्मा, इंडियन स्कूलमधली केरळची टीचर. ती मला कारिनचं इंग्रजी हिंदीत सांगायची. सगळ्यात खालच्या पट्टीला मात्र कुणी मिळेना. मी जरा गुणगुणले तशी कारिनने माझा हातच धरला.

झालं, अडकले! आमच्या भजनात सगळ्यांचा सूर एकच. आई म्हणायची, "शेजारणीच्या गळ्यात गळा मिसळ. तुझा वेगळा ऐकू आला की चुकलीस." आणि इथे चार जणींचे चार सूर, एकाच वेळी! मी खालून सुरू करायचे आणि बघता बघता अन्नम्माच्या सुरात जाऊन बसायचे. कारिन थांबवायची, परत सुरू, मी परत अन्नम्माकडे. "दीदी, मेरे घर में मत आओ ना," अन्नम्मा हसायची. कारिन हसत नव्हती. शेवटी तिने पेन्सिल उचलली, खालचा आवाज काढूनच टाकते म्हणाली.

"काढायचा नाही," मी चक्क मराठीत म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी बघा." भाषा नाही तरी सूर कळला असावा, तिने पेन्सिल खाली ठेवली.

घरी येऊन ह्यांना बसवलं. तुम्हाला ठाऊक आहे ह्यांचा आवाज, आरतीला उभे राहिले की ताम्हनसुद्धा दचकेल. म्हटलं, तुम्ही तुमच्या पट्टीत आरती म्हणा, मी माझा सूर सोडत नाही.

"आयुष्यभर गप्प बसा म्हणालीस, आता ओरडा म्हणतेस?"

"यल्ला, चला, म्हणा आता!"

रोज जेवणं झाली की हे वरच्या सुरात, मी खालच्या. पहिले काही दिवस मी त्यांच्या सुरात वाहूनच गेले. मग कळलं, दुसऱ्याकडे कान बंद करून भागत नाही. त्याचा सूर नीट ऐकायचा आणि आपल्या जागी उभं राहायचं.

शुक्रवारी दुपारी कारिनच्या दिवाणखान्यात खिडक्या लावून, जाड पडदे ओढून, तिच्या हाताच्या इशाऱ्यांवर आम्ही गायलो. बाहेर आवाज जाऊन चालायचं नाही, तिथे तेव्हा बायकांच्या गाण्याला मोकळीक नव्हती. मी हलले नाही. संपलं तेव्हा कारिन म्हणाली, "परत म्हणा. आत्ता मी तुम्हाला सांभाळत होते, ऐकलंच नाही." आणि हात खाली करून सोफ्यावर जाऊन बसली.

आता इशारा कोण देणार? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. अन्नम्माने कोपर मारलं, "दीदी, शुरू करो." मी खालचा सूर लावला आणि त्यावर एकेक आवाज येऊन उभा राहिला. शेवटच्या सुरावर मात्र मी सरळ उतरले नाही, आपण उतरतो तशी हळूच घसरत उतरले. सवयच ती! वाटलं, घातला घोळ. पण कारिन डोळे पुसत उठली, कागद ओढला आणि माझ्या शेवटच्या सुराशी पेन्सिलने एक उतरती तिरकी रेघ मारली.

ती गेली, काही वर्षांनी आम्हीही परतलो. परवा तिचा फोन आला, लेकीने मला मराठीत सांगितलं. तिच्या गावातल्या बायका ते दरवर्षी गातात, आणि खालच्या आवाजाची बाई शेवटी अश्शी घसरत उतरते. का, ते तिला ठाऊक नाही, कागदावर आहे म्हणून उतरते.

लोक विचारतात, कुठे करमलं जास्त, इथे की तिथे? मी म्हणते, घर काही एका जागी बसून राहत नाही हो. माझं थोडंसं तिकडे बर्फात नांदतंय, अनोळखी बाईच्या गळ्यात, आणि छान नांदतंय.