लिलाबाईंचा ‘फॉर’

वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजाच्या अंगणवाडीत लिलाबाई मदतनीस म्हणून लागल्या, तेव्हा त्यांचा मुलगा अनुप त्याच अंगणवाडीत खिचडी खायला येत होता. आता अनुपचं लग्न झालं होतं, मालेगावात बियाण्याच्या दुकानात तो कामाला होता, आणि लिलाबाई अजून मदतनीसच होत्या. पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. यातल्या कशाचाही त्यांना कंटाळा नव्हता. सलत होतं ते वेगळंच. आठवी पास झाल्या आणि लग्न लागलं. माहेरी दोघं भाऊ शिकून नोकरीला लागले. भाऊ शाळा-कॉलेजच्या गोष्टी काढत, तेव्हा लिलाबाई चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जात.

एका सकाळी त्या नवऱ्याला, इंद्रभानला म्हणाल्या, “मी दहावीले बसीन म्हणते.”

इंद्रभाननं बशीतला चहा संपवला. “बस ना. तुले कोणी धरलं?” आणि पुढच्याच आठवड्यात तो स्वतः त्यांना मालेगावला घेऊन गेला. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दोघं जिलेबी खाऊन परत आले.

मराठी, इतिहास यांची लिलाबाईंना भीती नव्हती. भीती होती इंग्रजीची. आता घरातच इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून होती. पण सुनेला विचारायचं म्हटलं की त्यांची जीभ जड होई. पौर्णिमा माहेरची अनसिंगची. लग्नाला सहा-सात महिने झाले, तरी पोरगी कामापुरतंच बोलायची. शेजारच्या शीलाजवळ लिलाबाई म्हणाल्याही होत्या, “पोरगी चांगली हाय, पण आपल्यासंगं काय बोलावं असं वाटत असन तिले. शिकलेली हाय ना.” म्हणून मग त्यांनी गाईड आणलं आणि एकटीच झुंजायला लागल्या.

तुरी घरात आल्या होत्या. दुपारी ओट्यावर दोघी सासू-सुना तुरी निवडत बसल्या होत्या. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून गाईडवर तांब्या ठेवलेला. लिलाबाई वाचत होत्या आणि स्वतःशीच अर्थ लावत होत्या. ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’, हे त्यांनी पक्कं पाठ केलं होतं.

“ही वेटेड फॉर द बस. थो बससाटी थांबला. ही हॅज लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स. थो इथं दहा वर्षांसाटी राह्यला.”

सुपाचा आवाज थांबला. लिलाबाईंनी पाहिलं, तर पौर्णिमा पदर तोंडाला लावून हसत होती. त्या घरात इतक्या मोकळेपणी ती पहिल्यांदाच हसत होती.

“काहून हासली?”

“आई, दहा वर्षांसाटी राह्यला म्हणजे जसं काही घर भाड्यानं घेतलं त्यानं. इथं ‘साटी’ नाही. दहा वर्षं झाले, थो इथंच राहून राह्यला, असं.”

“मंग ‘फॉर’ कुठी गेला?”

“थो ‘दहा वर्षं झाले’ यातच आला.”

लिलाबाईंना ते काही पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच आधी गाईड उघडलं आणि ते सुनेकडे सरकवलं.

मग रोज दुपारी शिकवणी सुरू झाली. पौर्णिमा घरातलीच वाक्यं करून द्यायची आणि लिलाबाई वकिलासारख्या भांडायच्या. “थँक यू फॉर द टी. चहासाटी धन्यवाद म्हणजे चहा अजून भेटलाच नाही, अन् धन्यवाद आधीच?” मग पौर्णिमा सांगायची, इथं ‘बद्दल’. दहा रुपयांना पेन घेतला, तिथं ‘ना’. लिलाबाई हात जोडत. “एवढासा शब्द, अन् सगळ्या घरचे कामं करते. सून असन थे इंग्रजीची.” यावर दोघी इतक्या हसल्या की इंद्रभान गोठ्यातून बाहेर येऊन पाहून गेला.

एके दिवशी वाक्य आलं, ‘शी लेफ्ट फॉर वाशिम’.

“तिनं वाशिमसाटी सोडलं,” लिलाबाई म्हणाल्या. “काय सोडलं वो तिनं? नवरा?”

पौर्णिमा हसली नाही. तिनं मूठभर तुरी सुपात टाकल्या आणि खाली बघत राहिली. “ती वाशिमले निघाली, असं होते,” ती म्हणाली. मग म्हणाली, “वाशिमचं तं मी सोडलं आई. बी.एड.”

लिलाबाईंनी हातातलं काम ठेवलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाआधी पौर्णिमानं बी.एड.ची प्रवेश परीक्षा दिली होती. वाशिमच्या कॉलेजात नंबरही लागला, पण यादी आली ती लग्न झाल्यावर. हातावरची मेंदी गेली नव्हती, घर नवं, माणसं नवी. प्रवेशाची तारीख आली आणि निघून गेली.

“अनुपले माहीत हाय?”

“नाही.”

“मले तरी सांगायचं.”

“कसं सांगू? तुमीच तवा शीलाबाईले म्हणत होत्या, आता सून आली, मले जरा आराम भेटीन.”

असं आपण म्हटलं होतं, हे लिलाबाईंना आठवतही नव्हतं. इतके महिने ज्याला आपण शिकलेल्या पोरीची मिजास समजत होतो, ते हे होतं. त्या उठल्या, दोन कप चहा करून आणला, आणि एक कप सुनेच्या हातात दिला.

रात्री जेवताना त्यांनी सुनेच्या हुकलेल्या बी.एड.चा विषय काढला आणि यंदा तिला पाठवायचं म्हणाल्या. अनुपचा घास हातातच राहिला. “मले काहून नाही सांगितलं?” त्यानं बायकोला विचारलं.

“तुमी विचारलं नाही,” पौर्णिमा म्हणाली.

इंद्रभान म्हणाला, रोज मालेगाव, तिथून वाशिम, जाणं-येणं सोपं नाही. घरचं कोण पाहीन? “मी पाह्यत होती ना आतापर्यंत,” लिलाबाई म्हणाल्या. “का मी मेली?” त्यावर इंद्रभाननं ताटात आणखी वरण घेतलं. म्हणजे त्याचं म्हणणं संपलं.

अनुप मात्र दोन-तीन दिवस घुम्यासारखा वागला. मग एका संध्याकाळी दुकानातून लवकर आला आणि मोबाइल पुढं करून बायकोजवळ बसला. त्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म अजून सुरू होते. “विषय कोणते घेशील?” त्यानं विचारलं. “आता विचारून राह्यलो मी.” दाराआडून लिलाबाईंना सुनेचं हसणं ऐकू आलं.

मार्चमध्ये दोघींच्या परीक्षा एकाच महिन्यात आल्या. इंद्रभाननं केलेली आलू-वांग्याची भाजी सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली. इंग्रजीच्या पेपरला लिलाबाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून वर्गात शिरल्या, तर सगळी पोरं उभी राहून म्हणाली, “गुड मॉर्निंग मॅडम.” लिलाबाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि आपला नंबर शोधून शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. घरी आल्यावर ही गोष्ट सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

“पोरायनं तुमाले मॅडम समजलं,” पौर्णिमा म्हणाली, “दे टूक यू फॉर अ टीचर. तिथं बी फॉरच येते.”

“इथं बी थोच?” लिलाबाईंनी कपाळाला हात लावला. “बरं झालं, हे पेपरात नव्हतं.”

निकाल लागला. इंग्रजीत लिलाबाई पास झाल्या, तेही चांगल्या मार्कांनी. राहिलं ते गणित. हिशोब आपल्याला येतोच म्हणून त्यांनी गणिताचं पुस्तक उघडलंच नव्हतं. पौर्णिमाला गणित येत नव्हतं, म्हणून अनुप शिकवायला बसला. तो चिडका मास्तर. एकदा तो “आई, कितीदा सांगू?” म्हणाला, तशा लिलाबाई पुस्तक मिटून शीलाकडे निघून गेल्या. दिवेलागणीला परत आल्या आणि म्हणाल्या, “दाखव थे समीकरण. अन् आवाज खाली ठेव.”

पावसाळ्यातल्या फेरपरीक्षेत गणित सुटलं, काठावर का होईना. त्यानंतर थोड्याच दिवसांत वाशिमच्या कॉलेजच्या यादीत पौर्णिमाचं नाव लागलं. सकाळची पहिली एसटी ती धरायला लागली. तिचा डबा लिलाबाई करायच्या, आणि डब्यात काय आहे ते तिला कधी सांगायच्या नाहीत.

सोयाबीन काढायला आलं होतं. एका संध्याकाळी पौर्णिमा घरी आली ती बारावीचं पुस्तक घेऊन. वर्गातल्या मैत्रिणीकडून जुनं मागून आणलेलं. तिनं ते सासूपुढं ठेवलं.

“थांब बाई,” लिलाबाई म्हणाल्या, “आधी सोयाबीन घरात येऊ दे.”

पण पुस्तक काही त्यांनी परत दिलं नाही. पदरानं पुसून धान्याच्या कोठीवर, हाताला येईल असं ठेवलं आणि भाकरी थापायला बसल्या.