पाणी तोडलेलं वासरू

हगवण लागलेल्या वासराचं पाणी तोडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आत गेलंच नाही तर बाहेर काय पडेल, असा साधा विचार. काल सखूबाईंच्या गोठ्यात गेलो, तर आठ दिवसांचं वासरू मान टाकून पडलेलं, डोळे खोल गेलेले. ते गेलं असतं तर गायीने पान्हाही सोडला नसता.

मीठ, साखर आणि चिमूटभर खायचा सोडा घातलेलं कोमट पाणी थोडं थोडं पाजत राहा, दूधही तोडू नका, असं मी सांगितलं.

"आन् सुई?"

"सुईची गरज नाही, मावशी."

"पाणी तर आमच्या हापशालाबी हाय. त्यासाठी एवढा शिकलास व्हय, डाक्टर?"

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण रोज दारोदार हेच ऐकून माणूस थकतो. एक सुई टोचली की सगळे खूश, मीही लवकर मोकळा. अनेकांनी वर्षानुवर्षं तपासून पाहिलेली गोष्ट मी सांगतो खरी, पण ते तपासणं गोठ्यात कुणाला दिसत नाही. सुई दिसते. माझा बापही पाणीच तोडायचा, वासरांवर जीव असूनही.

त्याच संध्याकाळी परतताना पुन्हा डोकावलो. सखूबाई वासराला मांडीवर घेऊन अजून पाजतच होत्या.

"कालपासनं थेंब मुतलं नव्हतं," त्या म्हणाल्या, "आता बघ, सगळं लुगडं भिजवलं माझं." आणि हसल्या.