हळदीच्या मांडवातल्या जांभळ्या रेघा

माझ्या छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा होत्या आणि घरात दिराचं लग्न निघालं होतं. दोन्ही एकाच महिन्यात यावीत, याला दैव म्हणायचं की मुहूर्त काढणाऱ्याची करणी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आंघोळ करताना उजव्या स्तनाच्या बोंडातून रक्ताचा थेंब आला म्हणून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा, दुधाच्या नळ्यांच्या आतच राहिलेला. तेव्हा सरसकट अख्खा स्तन काढत. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तेवढाच भाग काढला. "पण आता शेक घ्यावेच लागतील," त्या म्हणाल्या. शेक म्हणजे मशीनचे किरण. ते नेमके कुठे सोडायचे हे कळावं म्हणून त्या रेघा. मशीनवरच्या माणसाने पहिल्याच दिवशी दम भरला, "साबण नाही, तेल नाही, हळद-चंदन काही नाही. रेघा पुसल्या तर किरण भलतीकडे जातील आणि रोग तिथेच राहील."

घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंना सांगितलं होतं, साधी गाठ काढली, आणि आता शाळेकडून शिक्षकांचं ट्रेनिंग आहे म्हणून रोज मुंबईला जाते. खरं सांगितलं असतं तर मुलीकडच्यांनी लग्न मोडलं असतं. वसईच्या खाडीकाठच्या आमच्या गावात त्या रोगाचं नावही कुणी तोंडात घेत नसे. लागण होते म्हणत.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. नवरदेवाला पहिली हळद लावायचा मान मोठ्या वहिनीचा, म्हणजे माझा. आणि एकदा त्याला लागली की मग कुणीच सुटत नाही. तेलात कालवलेली हळद बायका एकमेकींच्या गालाला, पोटाला, गळ्यात हात घालून फासतात. "डोकं दुखतंय सांग आणि पडून राहा," नवरा म्हणाला. पुरुषांना सगळंच सोपं वाटतं. पहिला मान टाकला असता तर सासूबाईंनी मला जन्मभर ऐकवलं असतं.

शनिवारी संध्याकाळी मी गळाबंद ब्लाउज घातला, पदर दोन ठिकाणी पिना लावून गच्च केला आणि मांडवात गेले. आत कातडी भाजल्यासारखी चुरचुरत होती. दिराच्या कपाळाला, खांद्यांना हळद लावली आणि तशीच मागे सरकत दाराकडे निघाले. दोन पावलं राहिली असतील.

"वयनी, आज सुटनार नाय तू!" धाकट्या नणंदेने मागून मिठी मारली. चौघीजणी धावल्या. मी हसत नको नको म्हणत होते, तर त्यांना आणखी चेव आला. एक पीन तुटली, गळ्याचं बटणही तुटलं. नणंदेचा तेलकट हात गळ्यातून आत शिरला.

"हात काढ!" मी किंचाळले. "कॅन्सरचे शेक चाललेत मला!"

गाणी म्हणणारी धवलारीण मध्येच थांबली. नणंदेचा ओढून घेतलेला हात तसाच वर राहिला, पिवळाजर्द. सासूबाई पाटावरून उठल्या, माझं मनगट धरून मला आतल्या खोलीत नेलं, कडी घातली. "दाखव," म्हणाल्या. मी ब्लाउज सोडला. त्यांनी जवळ येऊन एकेक रेघ बघितली. मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बाहेर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "कुनी हात लावायचा नाय तिला!"

मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

मुलीकडच्यांना कळेपर्यंत अक्षता पडल्या होत्या. वरची एक रेघ अर्धी गेली होती. सोमवारी मशीनवरच्या माणसाने मला यथेच्छ बोलून घेतलं, मग बाकीच्या रेघांवरून मोजून ती पुन्हा काढली. शेक पुरे झाले. रोग आजतागायत परतलेला नाही.

सासूबाईंनी काढलेला शब्द मात्र गावाने आपल्या सोयीने पाळला. पुढच्या वर्षी चुलत दिराच्या मुलीची हळद होती. माझी कातडी केव्हाच बरी झाली होती. मुद्दाम मोठ्या गळ्याचा ब्लाउज घालून मी पुढे बसले. हळदीचं ताट उजवीकडून आलं, शेजारणीला लागली, पलीकडचीला लागली. मी वाट पाहिली. ताट तीनदा फिरलं. मग माझं डोकं फिरलं. मी उठले, ताटात हात बुडवला आणि त्याच नणंदेच्या दोन्ही गालांना फासला.

ती हसली. हसतच उठली, मागच्या दारी गेली. रांजणावर तांब्या आपटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. परत आली तेव्हा तिचे गाल घासून घासून लाल झाले होते.